पात्याच्या वाटेतला अंगठा

लायनर लॉकचा घडीचा चाकू मिटवणारा हात एकदा अगदी जवळून पाहावा. उघडताना त्या हाताचा रुबाब असतो; मिटवताना तोच हात जरा अवघडतो. अंगठा मुठीच्या फटीत शिरतो, आतली स्प्रिंगची पट्टी बाजूला दाबतो, तर्जनी पात्याची पाठ ढकलते आणि पातं वळायला लागतं. ते येऊन बसणार असतं त्याच फटीत, जिथे अंगठ्याचं पेर आहे. सरावलेला माणूस पातं वीस-पंचवीस अंश आत आलं की थांबतो, अंगठा काढून घेतो आणि मगच उरलेली घडी मिटवतो. नवखा थांबत नाही. बहुतेक वेळा त्यालाही काही होत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. पण एकदा ही गोष्ट नजरेत भरली की डोक्यातून जात नाही: बोटं वाचावीत म्हणून बसवलेला खटका सोडवायला बोट धारेच्या वाटेतच न्यावं लागतं. खटक्यांची तुलना करताना तो किती वजन पेलतो हे सगळे सांगतात. तो सुटतो तेव्हा बोट कुठे असतं, याचा रकाना मात्र कोणत्याही तक्त्यात नसतो.

मुळात खटका कशासाठी, इथूनच गोंधळ आहे. कापताना जोर धारेवर येतो, आणि तो पातं आणखी उघडायला बघतो. हा भार खटक्यावर येतच नाही. तो येतो स्टॉप पिनवर, म्हणजे उघडलेल्या पात्याचं बूड ज्या आडव्या पिनेला टेकतं तिच्यावर. रोजचं सगळं काम ही पिन निमूटपणे करते. खटक्यावर वेळ येते ती पात्याच्या पाठीवर दाब आला तर: टोक कशात तरी रुतलं आणि माणूस ते हलवून काढायला लागला, टोकाने भोक पाडताना मनगट वाकलं, जाड पुठ्ठ्यात पातं अडकलं आणि मागे ओढताना पाठ वरच्या कडेला घासली, अशा वेळी. थोडक्यात, खटका चुकीच्या क्षणासाठी असतो. त्यामुळे चूक करणारा हात कसा वागतो हे न पाहता केलेलं खटक्याचं डिझाइन अर्धवटच राहतं. खटका नसलेले, फक्त पाठीच्या स्प्रिंगवर उघडे राहणारे स्लिपजॉइंट चाकू कित्येक पिढ्या लोक वापरत आले, कारण हे पातं केव्हाही मिटू शकतं हे हाताला ठाऊक असतं. खटका आला की हात निर्धास्त होतो. ही निर्धास्ती खोटी ठरू नये, एवढीच त्या खटक्याची जबाबदारी. ती वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

आकडे मांडले की ती कळते. पातं ८० मि.मी. लांब धरू आणि टोकाशी पाठीवर ५० न्यूटन जोर आला असं मानू, म्हणजे साधारण पाच किलो. चिडलेलं मनगट एवढा जोर सहज लावतं. पट्टी बुडाला जिथे टेकते ती जागा पिव्हटपासून, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळीपासून, जेमतेम ६ मि.मी. लांब असते. तरफेचा हिशोब मांडला की त्या टेकणीवर ६६० न्यूटनच्या वर, म्हणजे सदुसष्ट-अडुसष्ट किलोंचा दाब येतो. टेकणीचं क्षेत्रफळ १ बाय ३ मि.मी. असेल तर दर चौरस मि.मी.ला सुमारे २२० न्यूटन. कोणतंही पोलाद हे पेलेल. पण कानस तिरकी चालली आणि पट्टी फक्त कोपऱ्यावर, ०.२ मि.मी. रुंदीच्या रेघेवर टेकली, तर तोच दाब ११०० च्या वर जातो. चाकूंच्या मुठींना नेहमी वापरलं जाणारं टायटॅनियम साधारण ८८० च्या आसपास कायमचं दबायला लागतं. म्हणजे पहिल्या काही दिवसांत तो कोपरा चेपत राहणार आणि चाकू "रुळतोय" असं म्हणत माणूस त्याकडे दुर्लक्ष करणार. हेच गणित ढिलेपणालाही लागू आहे. टेकणीत ०.०२ मि.मी. झीज झाली तर टोक पाव मि.मी.पेक्षा थोडं जास्त हलतं. डोळ्याला न दिसणारी झीज बोटाला मात्र लगेच कळते. पात्याचं टोक वरखाली हलवून पाहिलं की आत कुठेतरी बारीक टकटक जाणवते. ती जाणवायला लागली की खटक्याचं आयुष्य मोजायला सुरुवात करावी.

तरीही तुटून निकामी झालेले खटके कमीच. बहुतेक निसटतात.

निसटण्याचं मूळ बुडाच्या तिरप्या कडेत असतं. पट्टीचं टोक ज्या कडेला टेकतं ती कड सरळ नसते. तिला सात ते दहा अंशांचा उतार देतात. उतार असल्यामुळे पट्टी पाचरीसारखी आत सरकत जाते आणि झीज झाली तरी फट उरत नाही. पण पाचर आत जाते तशी बाहेरही येऊ शकते. पाठीवर दाब आला की तीच उतरती कड पट्टीला बाजूला ढकलते. वरच्या हिशोबातले ६६० न्यूटन घेतले आणि उतार ८ अंश धरला, तर बाजूला ढकलणारा जोर नव्वद न्यूटनच्या पुढे जातो. पट्टीची स्वतःची स्प्रिंग मात्र अंगठ्याने सहज दाबता येईल एवढीच, दहा-वीस न्यूटनची. मग पट्टी जागेवर राहते कशी? घर्षणाने. उताराचा टॅन्जंट घर्षण गुणांकापेक्षा कमी असला की पाचर स्वतःला धरून ठेवते. ८ अंशांचा टॅन्जंट ०.१४, १० अंशांचा ०.१८. कोरड्या पोलादावर कोरडं पोलाद असेल तर गुणांक याच्या बराच वर असतो, त्यामुळे प्रश्न येत नाही. तेल लागलेल्या पोलादावर मात्र तो ०.१ ते ०.१५ पर्यंत उतरतो. म्हणजे नव्या कोऱ्या, चोख बनवलेल्या चाकूच्या टेकणीवर कुणी प्रेमाने तेलाचा थेंब सोडला, तर तो खटका आता निव्वळ नशिबावर उभा आहे. तेल पिव्हटला द्यावं, डिटेंटच्या, म्हणजे मिटलेलं पातं अडवून धरणाऱ्या, गोळीला हवं तर सुईच्या टोकाएवढं द्यावं. टेकणीवर आलेलं पुसून काढावं. हे वाक्य चाकूच्या खोक्यातल्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापायला हवं. सहसा तिथे काळजीची भाषा खूप असते आणि हे नसतं.

मग उतार पाच अंशांचाच का देऊ नये? दिला की दुसरं दुखणं उभं राहतं. पाचर इतकी घट्ट बसते की अंगठ्याने सुटत नाही. विशेषतः टायटॅनियम पोलादाला चिकटतं. सोडवताना पट्टी अडते आणि मग एकदम 'टक्क' करून सुटते. अशी अडून सुटणारी पट्टी मला निसटणाऱ्या पट्टीइतकीच धोक्याची वाटते, कारण अंगठ्याने लावलेला जास्तीचा जोर ती सुटल्यावर कुठेतरी जातोच, आणि समोर पातं असतं. शिवाय उतार जितका कमी, तितकी झीज पट्टीची रुंदी भराभर खाते. ०.०५ मि.मी. झिजेला ८ अंशांवर पट्टी जवळपास ०.३६ मि.मी. आत सरकते, १० अंशांवर ०.२८. दीड मि.मी. जाडीच्या पट्टीत ०.३६ म्हणजे जवळजवळ चौथा भाग गेला. म्हणून नव्या चाकूत पट्टी बुडाच्या कडेवर तिच्या जाडीच्या तीस-चाळीस टक्केच चढलेली असावी. त्याहून कमी असेल तर धूळ किंवा कापसाचा तंतू मध्ये आला तरी टेकण अर्धवट राहते. सुरुवातीलाच सत्तर टक्क्यांवर असेल तर झिजायला जागाच नाही. साडेसात ते नऊ अंशांच्या दरम्यान बहुतेक कारागीर येऊन थांबतात ते या ओढाताणीमुळे. तिथे काही गुपित दडलेलं नाही.

ही कड करताना क्रम चुकला की सगळंच फसतं. पात्याला पाणी देण्याआधी उतार कापला तर भट्टीतून निघेपर्यंत तो कुठे गेला ते सांगता येत नाही, कारण कडक होताना पोलाद थोडं वाकतं, थोडं फुगतं. म्हणून तिथे दोन-तीन दशांश मि.मी. माल राखून ठेवायचा, पातं ५८ ते ६१ रॉकवेलपर्यंत (हे कडकपणाचं माप) कडक करून टेंपर करायचं, म्हणजे बेताने पुन्हा तापवून ठिसूळपणा काढायचा, आणि मग कोनाच्या फिक्स्चरमध्ये धरून सरफेस ग्राइंडरवर कड उतरवायची. निळसर झाक आली तर थांबायचं. तिथलं टेंपर गेलं आणि कड मऊ पडली. पुढचं काम हाताचं. कडेवर काळं मार्कर फासायचं, पातं नेहमीच्या जोराने दहा-बारा वेळा उघडायचं, मग उजेडात धरून शाई कुठे घासली ते पाहायचं. घासलेली जागा पिव्हटपासून लांब, म्हणजे पट्टीच्या खालच्या कोपऱ्याकडे हवी, कारण लांब टेकलं की तरफ आपल्या बाजूची होते. शाई पिव्हटच्या बाजूला उडाली असेल तर पातं कितीही घट्ट वाटलं तरी ते वरखाली डुलणार. मग पट्टीचं टोक बारीक कानशीने दोन-चार हात घासायचं आणि पुन्हा शाई. या कामात घाई करणारा माणूस शेवटी नवीन पट्टी कापायला बसतो. कडेला आरशासारखं पॉलिश करण्याचा मोहही आवरावा. ४०० ग्रिटच्या आसपासची एकसारखी, बर म्हणजे धातूची खरखरीत किनार न राहिलेली कड पुरे. चकचकीत कड फोटोत छान दिसते आणि ओली झाली की निसटते.

पट्टीचं आणखी एक दुखणं वाकण्याचं आहे. तिच्यावर दाब लांबीच्या दिशेने येतो, आणि लांब बारीक पट्टीला टोकाकडून दाबलं की ती मधेच पोट काढते. पोलादाची १ मि.मी. जाड, ४ मि.मी. रुंद, ४० मि.मी. लांब पट्टी घेऊन हिशोब केला तर ती ज्या भाराला वाकायला लागेल तो वरच्या ६६० न्यूटनच्या फार पुढे नाही. जाडी दीड मि.मी. केली की हा विरोध जवळपास ३.४ पट होतो, कारण जाडीचा घन लागतो. टायटॅनियमचा ताठरपणा पोलादाच्या निम्म्याहून थोडाच जास्त, त्यामुळे तिथे जाडी आणखी लागते. मूठ पिळली गेली की दोन्ही लायनर, म्हणजे मुठीच्या आतले धातूचे पत्रे, एकमेकांवर किंचित सरकतात आणि पट्टीचं टोक कडेवरून तेवढंच ढळतं. म्हणून त्यांच्यात अंतर राखणाऱ्या मधल्या स्पेसरच्या स्क्रूंची संख्या आणि जागा हासुद्धा खटक्याचाच भाग धरावा. दोन स्क्रूंवर उभी मूठ हलकी होते, पण पिळून पाहिली की पट्टी हलताना डोळ्यांना दिसते. फ्रेम लॉकमध्ये, म्हणजे मुठीचीच एक बाजू कापून तिची जाड पट्टी केलेली असते त्या प्रकारात, पकडणारा हातच पट्टीला आत दाबून धरतो. क्रिस रीव्ह या कारागिराच्या सेबेन्झा चाकूने ही कल्पना घरोघरी नेली नसली तरी कारागिरांच्या टेबलांवर नक्की नेली. पण तिथेही पट्टी लवचिक व्हावी म्हणून मुळाशी खाच घेऊन जाडी एक-सव्वा मि.मी.वर आणतात, आणि सगळा भार शेवटी त्या बारीक कमरेतून जातो. खाच लांब घेतली की बोटाला हलकं वाटतं आणि कंबर मोडकी होते. पट्टी बाहेरच्या बाजूला जास्त ओढली गेली तर ती कायमची वाकून बसते आणि पुढच्या वेळी अर्धवटच चढते. रिक हिंडरर या चाकू-कारागिराने पट्टीला बाहेरून अडवणारी छोटी चकती दिली ती यासाठी. पट्टीच्या टोकाला कडक पोलादाचा तुकडा स्क्रूने बसवण्याची रीत त्याहून उपयोगी वाटते. चिकटणं कमी होतं, झीज कमी होते, आणि झिजलाच तर तुकडा बदलता येतो.

बॅक लॉकची कथा वेगळी आहे. तिथे मुठीच्या पाठीवर एक तरफ असते, तिचं नाक पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतं, आणि तरफेचं मागचं टोक दाबलं की नाक वर उचललं जातं. १९६४ साली आलेल्या बक ११० या चाकूने हा प्रकार इतका रुजवला की पुष्कळांना घडीचा चाकू म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो. पितळी टोकं, लाकडी बाजू, आणि उघडताना दारावरच्या जड कडीसारखा आवाज. त्या आवाजावर माणूस विश्वास ठेवतो, आणि नेमकी तीच अडचण आहे. खिशातला कापूस, लाकडाचा भुसा, वाळू हे सगळं हळूहळू खाचेच्या तळाशी साचून दबतं. नाक खाली बसतं, आवाज येतो, पण पूर्ण खोलीवर पोचत नाही. उघडलेला चाकू बाजूने धरून पाहिला तर तरफ मुठीच्या पाठीशी सपाट न दिसता केसभर वर राहिलेली दिसते. यावरचा उपाय आखणीतच करायचा: नाकाने खाचेच्या दोन भिंतींना टेकावं, तळाला कधीच नाही, तळाशी ०.३ ते ०.५ मि.मी. मोकळी जागा सोडावी म्हणजे कचऱ्याला जायला वाट राहते. दुसरी अडचण हाताची. मूठ आवळून धरली की तळहाताचं मांस तरफेच्या दाबण्याच्या जागेत घुसतं, आणि जोर लावायची वेळ असते तेव्हाच खटका उचलला जातो. डेव्हिड बॉय यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती फार साधी आहे: तरफेच्या त्या भागात बोटाच्या पेराएवढी उथळ खोलगट जागा खोदायची. आवळलेला तळहात वरून जातो, मुद्दाम दाबणारा अंगठा मात्र आत पोचतो. एक ग्रॅमही वजन न वाढवता, उलट थोडं कमी करून मिळालेली ही सुरक्षितता आहे. अँड्र्यू डेम्को यांच्या ट्राय-ॲड लॉकने भाराचाच प्रश्न हाताळला. साध्या बॅक लॉकमध्ये पाठीवरचा दाब तरफेच्या बारीक पिनेवर जातो. त्यांनी पात्याचं बूड आणि तरफ यांच्यामध्ये जाड स्टॉप पिन घातली आणि तरफेचं भोक किंचित लांबट ठेवलं. भार स्टॉप पिनमधून मुठीत उतरतो आणि झीज झाली तरी तरफ स्वतःची जागा शोधते. सोडवायला अंगठा थकतो, पण ती तक्रार मी ऐकून सोडून देतो.

ओपिनेल या फ्रेंच चाकूच्या फिरत्या कड्याबद्दल बोलताना मन थोडं हळवं होतं. जोसेफ ओपिनेल यांचा चाकू १८९० चा. त्यावर मार्सेल ओपिनेल यांनी १९५५ मध्ये विरोब्लॉक नावाचं कडं बसवलं. चिरलेलं पोलादी कडं मुठीच्या गळ्याभोवती फिरवायचं, की त्याची चीर पात्यावरून सरकून पातं अडकतं. झिजलं तर थोडं जास्त फिरवायचं. ते पुन्हा घट्ट. २००० सालापासून तेच कडं मिटलेलं पातंही अडवतं, म्हणजे खिशात आपोआप उघडण्याची भीती गेली. कडं आपोआप बसत नाही हा त्याचा दोष म्हणतात. विसरलं की पातं मोकळंच. पण ते बसलंय की नाही हे नुसत्या नजरेने दिसतं. स्वतःहून बसणाऱ्या खटक्याला ही सोय नाही. तो 'खट्' करतो आणि माणूस न पाहता कामाला लागतो. मला अर्धवट बसून पूर्ण बसल्याचा आवाज करणारा खटका सर्वांत वाईट वाटतो. खटका नसलेल्या चाकूपेक्षाही वाईट. डिझाइन करताना पट्टी किंवा नाक किती आत बसलं हे बाहेरून, अंधुक उजेडातही कळेल अशी जागा ठेवली पाहिजे. लायनर लॉकच्या मुठीत बोटासाठी कापलेली खोलगट जागा तेवढ्यासाठी दोन मि.मी. पुढे नेली तरी पट्टीचं टोक दिसू शकतं. इतकं साधं काम बहुतेक चाकूंत झालेलं नसतं.

आता पुन्हा बोटाच्या जागेकडे. १९९८ मध्ये बेंचमेड कंपनीच्या ७१० मॉडेलमध्ये आलेला ॲक्सिस लॉक, मॅकहेन्री आणि विल्यम्स या जोडीचा, याबाबतीत खरंच निराळा होता. मुठीत आरपार एक कडक पोलादी दांडी, दोन्ही लायनरमधल्या खाचांत सरकणारी. मागून केसासारख्या बारीक, ओमेगा (Ω) अक्षराच्या आकाराच्या दोन स्प्रिंग तिला पुढे ढकलतात आणि ती पात्याच्या बुडाच्या उतारात पाचरीसारखी बसते. सोडवायला मुठीच्या दोन्ही बाजूंच्या टोप्या अंगठा आणि तर्जनीने मागे ओढायच्या. दोन्ही बोटं मुठीच्या बाहेर, पात्याच्या वाटेपासून दूर. डावखुऱ्यालाही तीच रीत, नाहीतर लायनर लॉकमध्ये त्याला उलट्या बाजूची कसरत करावी लागते. दुखणं स्प्रिंगचं: वाकणाच्या जागी थकून ती मोडते. दोन असल्यामुळे एक मोडली तरी दांडी पुढे येते, फक्त एका बाजूने किंचित तिरकी. त्यामुळे दुसरी असताना पहिली मोडल्याचं कळावं अशी काही सोय हवी, आणि ती नसते. बोटाला दांडी पूर्वीपेक्षा सैल लागते तेवढीच खूण. स्पायडर्को कंपनीच्या काँप्रेशन लॉकमध्ये पट्टी आहे, पण ती मुठीच्या पाठीकडे, आणि ती स्टॉप पिन व बूड यांच्या मध्ये शिरते. भार तिच्या लांबीतून जात नाही, आडव्या छेदातून जातो. त्यामुळे ती पोट काढण्याचा प्रश्नच येत नाही. सोडवताना पाठीकडून चिमटीत धरायची, बोटं धारेच्या समोर येत नाहीत. पट्टी तीच, जागा बदलली आणि अर्धा धोका गेला.

इतकं सगळं झाल्यावर बाजार काय मागतो? पातं सोडल्यावर आपसूक पडावं. बॉल बेअरिंगचा पिव्हट, पट्टी दाबली की पातं स्वतःच्या वजनाने गुळगुळीत मुठीत येऊन पडतं, आणि त्या पडण्याचं कौतुक होतं. हातात घेऊन पाहिलं तर मलाही मजा वाटते हे कबूल. पण हे कौतुक लायनर लॉकवर आणि फ्रेम लॉकवर करू नये. पात्याला थोडी ओढ हवी. फॉस्फर ब्राँझचे वॉशर ती देतात, डिटेंटची गोळी बुडावर घासत येताना थोडी देते. ती गोळी साधारण दीड मि.मी. व्यासाची, पट्टीत दाबून बसवलेली. तिचं खरं काम मिटलेलं पातं खिशात उघडू न देण्याचं. बुडातलं भोक गोळीपेक्षा लहान हवं आणि पूर्ण मिटलेल्या स्थितीत गोळी भोकाच्या मध्यावर न येता काठावर टेकलेली हवी, म्हणजे ती पात्याला सतत आत ओढत राहते. बरोबर मध्यावर भोक पाडलं तर पातं मिटल्यावरही थोडं डुलतं आणि चाकू खाली पडला की टोक बाहेर डोकावतं. हे भोक शेवटी, सगळी जोडणी बसल्यावर पाडायचं असतं. आधी पाडलं तर नंतर स्टॉप पिन बदलण्याची वेळ आली की ते चुकीच्या जागी येतं.

खटका निसटणारच असं धरून आखलेला चाकू मला जास्त आवडतो. पिव्हटपासून धार सुरू होण्याच्या जागेपर्यंत कागदावर कंपासने चाप काढावा आणि तर्जनी मुठीवर जिथे बसते तिथे सोळा ते वीस मि.मी. रुंदीचं बोट रेखाटावं. चाप बोटाला छेदतो तिथे पात्याचा कोणता भाग येतो? धार येत असेल तर हा चाकू कुठल्याही खटक्यासह धोक्याचा. बोथट टाच येत असेल तर खटका निसटल्यावर बोटावर टोला बसेल, जखम होणार नाही. अठरा-वीस मि.मी.ची बोथट जागा ८० मि.मी.च्या पात्यातून सोडायला डिझायनरचा जीव वर येतो, कारण खोक्यावर धारेची लांबी छापायची असते. फ्लिपरच्या चाकूत ही सोय फुकट मिळते: उघडल्यावर खाली येणारी ती आठ-दहा मि.मी.ची जीभ मिटताना धारेच्या आधी तर्जनीला लागते. स्लिपजॉइंटमधला नव्वद अंशांवरचा थांबा हासुद्धा याच जातीचा. बुडाला एक सपाट कड जास्त दिली की पातं अर्ध्यावर अडतं, हात पकड बदलतो, आणि उरलेलं मिटणं तळहाताने होतं.

तपासणीबद्दल मतभेद खूप आहेत. पात्याची पाठ टेबलावर दाणकन आपटून खटका तपासणारे लोक मला पटत नाहीत. त्या आपटीत पिव्हट आणि टेकण दोन्ही चेपतात आणि चांगला चाकू नापास करण्याचं समाधान तेवढं मिळतं. पण हलक्या टिचक्या सोडूही नयेत. धारेवर जाड टेप गुंडाळून, बोटं मुठीच्या बाजूंना ठेवून, फटीवरून एकही बोट न नेता, पाठ लाकडाच्या ठोकळ्यावर हळू टकटकवायची. स्थिर वजन पेलणारा खटका अशा टिचक्यांत सुटला तर उतार जास्त आहे किंवा कडेवर तेल आहे, कारण कंपनाने घर्षण क्षणभर सुटतं आणि तेवढ्यात पट्टी सरकते. वजनाची चाचणी वेगळी करावी: मूठ व्हाइसमध्ये कातडी जबड्यांत धरून, पाठ वर ठेवून, पिव्हटपासून १०० मि.मी.वर येईल अशी जोडपट्टी पात्याला क्लॅम्प करून तिला वजन टांगायचं. पाच किलोंनी जवळपास ४.९ न्यूटन-मीटर पीळ येतो. अर्धा-अर्धा किलो वाढवत जायचं आणि प्रत्येक वेळी मार्करची शाई पाहायची. हेच सगळं कोरडं, मग तेल लावून, मग कापसाचे तंतू आणि बारीक वाळू टाकून करायचं. तेल लावल्यावरचा आकडा तोच त्या खटक्याचा खरा आकडा समजावा. नंतर पाचशे वेळा उघडझाप करून पट्टी कुठे सरकली याची खूण घ्यावी. पहिल्या शंभरात सरकून थांबली तर रुळली, शेवटपर्यंत सरकत राहिली तर कुठेतरी मऊ धातू दबतोय.

आणि वापरून पट्टी पार पलीकडच्या लायनरला जाऊन टेकलेली असेल, पातं डुलत असेल, तर पट्टी आणखी वाकवून घट्ट करू नये. तो उपाय आठवडाभर टिकतो आणि सोडवणं अवघड करून ठेवतो. आधी पिव्हटचा स्क्रू पाहायचा. सैल असेल तर आवळून, थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, बारीक थेंब लावून पुन्हा तपासायचं. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. नाही मिटली तर स्टॉप पिन काढायची आणि तिच्या जागी ०.१ मि.मी. जास्त व्यासाची घालायची. त्रिज्या ०.०५ ने वाढते, पातं तेवढंच अलीकडे थांबतं, आणि ८ अंशांच्या कडेवर पट्टी साधारण एक तृतीयांश मि.मी. मागे येते. नवी पिन जुन्या भोकात जात नसेल तर भोक रीमरने वाढवू नये, कारण ते सरकतं. पिनेची दोन टोकं लेथवर जुन्या मापाला उतरवावीत आणि मधला भाग तेवढा जाड ठेवावा. मग मार्कर, दहा-बारा वेळा उघडणं, आणि पुन्हा उजेडात शाई पाहणं. मिटलेलं पातं आता डिटेंटच्या भोकावर नीट बसतंय ना हे शेवटी तपासायचं. स्टॉप पिन दोन्ही टोकांना, उघडल्यावर आणि मिटल्यावरही पातं अडवत असेल, तर जाड पिनेने मिटण्याची जागाही हललेली असते, आणि गोळी भोकाच्या चुकीच्या काठावर येऊन बसते.